बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू खाईना, डोळे उघडंना (सोलापूर) – तातडीने मदत हवी

कडकभाकरी | १३ जानेवारी, रात्री ११:२०

नमस्कार. मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. इथे पहिल्यांदाच लिहितेय आणि घाईत लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा सातवीत आहे. दोन वर्षं साठवलेल्या पैशांतून त्याने डिसेंबरात बाहेरगावच्या एका दुकानातून बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या एका सरड्याचं, पिल्लू आणलं. रंग भाजक्या शेंगेच्या टरफलासारखा, म्हणून नाव शेंगू. दुकानदाराच्या हिशोबाने आता दोन महिन्यांचं असेल. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर. ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवलं तर १७.४ ग्रॅम भरलं.

पहिला आठवडा पळत होतं, खात होतं. मग हळूहळू मंदावलं. आता पाच दिवस काहीच खाल्लं नाही, चार दिवस शी नाही. दिवसभर डोळे मिटून पडून असतं. मागचे पाय फरफटत ओढतं. आज संध्याकाळी पुढच्या पायाची बोटं थरथरताना दिसली, ते बघून माझाच जीव थरथरायला लागला.

मासळ्यांची दोन फुटी काचेची टाकी आहे, खाली वाळू, वर लाल बल्ब. हे सगळं दुकानदाराने दिलं. "वेगळा दिवा लागत नाही, खिडकीतलं ऊन पुरतं" असं तो म्हणाला होता. खायला मीलवर्म नावाच्या अळ्या आणि बारीक चिरलेला पालक.

दोन दवाखान्यांत फोन केला. गाई-म्हशी, कुत्री-मांजरं बघतो, हे कधी बघितलं नाही म्हणाले. गड्ड्याच्या यात्रेमुळे, नंदीध्वजांच्या मिरवणुकीने निम्मे रस्ते बंद आहेत. मुलगा टाकीशेजारी जमिनीवर अंथरूण घालून झोपलाय. आज रात्री मी काय करू?

---

माळरान | १३ जानेवारी, रात्री ११:३८

ताई, मी पुण्यात नऊ वर्षं हे प्राणी सांभाळतोय. आधी एकच गोष्ट: आज रात्री त्याच्या तोंडात काहीही घालू नका. पाणी नको, अळी नको, औषध नको.

त्याचं अंग स्वतःहून गरम राहत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच पोट चालतं. थंड अंगात गेलेलं अन्न पचत नाही, आत सडतं. म्हणून आधी ऊब, मग पाणी, आणि खाणं सगळ्यात शेवटी. दोन दिवस खाल्लं नाही तरी चालेल, पण हा क्रम चुकवू नका.

आता लगेच करायचं:

वाळू काढून टाका. पिल्लं खाताना वाळू गिळतात, ती आतड्यात अडकते. खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा.

थर्मामीटर आहे का? टोकाला तार असलेला, स्वयंपाकात किंवा फिश टँकला वापरतात तसा असला तरी चालेल. पिल्लू जिथे बसतं तिथलं, बरोबर त्या जागेचं तापमान सांगा. दिवसा दिव्याखालच्या जागेवर ४० ते ४२ अंश हवं. टाकीच्या दुसऱ्या टोकाला २६-२८. ही दोन टोकं वेगळी हवीतच, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. रात्री २० च्या खाली जाऊ देऊ नका.

लाल बल्ब रात्री चालू असेल तर बंद करा. यांच्या डोक्यावर मधोमध उजेड जाणणारा एक बारीक ठिपका असतो, तिसरा डोळाच म्हणा. डोळे मिटले तरी त्याला दिवस-रात्र कळते. रात्रभर लाल उजेडात त्याला झोप नसते. आजची रात्र टाकीच्या एका बाजूला बाहेरून गरम पाण्याची बाटली टेकवा आणि वरून चादर टाका, हवेला फट ठेवून.

उचलताना तळहातावर पूर्ण पोट टेकवून उचला. पाय किंवा शेपटी धरू नका. का ते उद्या सांगतो.

---

निशिगंध | १३ जानेवारी, रात्री ११:५२

ताई, आमच्या घरी खारीचं पिल्लू पडलं होतं तेव्हा ड्रॉपरने कोमट दुधात हळद घालून दिलं होतं, वाचलं ते. थोडं द्या, ताकद येईल.

---

शेवटचा_बाक | १३ जानेवारी, रात्री ११:५९

निशिगंध, तुमचा हेतू चांगला आहे, पण इथे नको. खार सस्तन प्राणी आहे, आईचं दूध पिते. सरड्याच्या आतड्याला दूध पचवताच येत नाही, जुलाब होऊन आहे ते पाणीही निघून जाईल. शिवाय अशक्त सरड्याला ड्रॉपरने पातळ काही दिलं की श्वासनलिकेत जायची भीती. त्यांची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते.

मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो, अजून डॉक्टर नाही, म्हणून औषधाचं नाव-मात्रा सांगणार नाही. पण ताई, बोटं थरथरणं ही रक्तातलं कॅल्शियम घसरल्याची खूण असू शकते. हे "बघू दोन-चार दिवस" म्हणण्यासारखं नाही. रात्रीची ऊब द्याच, पण उद्या प्रत्यक्ष डॉक्टर गाठा. गुरांचे डॉक्टर असले तरी जा. त्यांना सांगा, अनुभवी सरीसृप-डॉक्टरांशी फोनवर बोलून उपचार कराल का? बरेच जण तयार होतात.

---

निशिगंध | १४ जानेवारी, रात्री १२:०४

बरं झालं सांगितलंत. ताई, माझं वरचं ऐकू नका. देव करो आणि शेंगू वाचो.

---

कडकभाकरी | १४ जानेवारी, सकाळी ७:४५

रात्री दोनदा बाटली बदलली. जिवंत आहे. सगळ्यांचे उपकार कसे मानू कळत नाही.

आमच्या शेजारी मेस चालवणाऱ्या मावशी आहेत, त्यांच्याकडून तेल तापवताना वापरायचा तारेचा थर्मामीटर आणला. लाल बल्बच्या बरोबर खाली २९ अंश. दुसऱ्या टोकाला २१. रात्री बाटली नसताना टाकीत १६ होतं. तीन आठवडे हे पिल्लू या थंडीत होतं आणि सोलापूर म्हणजे गरम गाव म्हणून आम्ही निवांत होतो.

---

माळरान | १४ जानेवारी, सकाळी ८:०२

तिथेच निम्मं उत्तर आहे ताई. आणि चूक तुमची नाही, तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत.

विजेच्या साध्या दुकानात जाऊन जुन्या पद्धतीचा पिवळा, तारेचा ६० वॅटचा बल्ब आणा. एलईडी नाही, तो गरम होत नाही. चिनीमातीच्या होल्डरमध्ये लावा, प्लास्टिकचा होल्डर वितळतो. जाळीच्या वर ठेवा, पिल्लाला चटका बसेल इतका जवळ नको. खाली एक चपटी फरशी ठेवा आणि बल्ब वर-खाली करत फरशीवर ४० अंश येईपर्यंत जुळवा. सकाळी सात ते संध्याकाळी सात चालू.

तासभर अंग तापलं की पसरट भांड्यात कोमट पाणी, आपल्या मनगटाला जेमतेम ऊन लागेल इतकं. खोली त्याच्या कोपरापर्यंतच. दहा मिनिटं बसवा, हात खाली धरूनच, एक क्षण सोडू नका. बरेचदा याच पाण्यात शी होते, थोडं पाणीही पितात. बाहेर काढून मऊ कापडाने टिपा आणि लगेच दिव्याखाली.

शी झाली तर टाकू नका, छोट्या स्वच्छ डबीत ठेवा. तिच्यातला पांढरा भाग, म्हणजे त्याची घट्ट लघवी, पांढरा आहे की पिवळा-केशरी, तेही बघा. केशरी म्हणजे अंगात पाणी कमी.

---

भीमाकाठ | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

ताई रामराम. माझी मोहोळ तालुक्यात कोंबड्यांची शेड हाय. सरड्यातलं काय कळत नाही, पण दोन गोष्टी सांगतो.

एक, ते पिवळे बल्ब आमी पिल्लांच्या ब्रूडरला, म्हंजे ऊब द्यायच्या जागेला, वापरतो, सोलापुरात मिळतात की. दोन तरी आणून ठेवा. एक उडाला की पिल्लू गारठायलंय तवर दुकान बंद असतंय.

दुसरं, शी तपासून घ्या. आमच्यात रक्ती हगवण येते, ती कॉक्सिडिया नावाच्या जंतूनं येते म्हणतात डॉक्टर. सूक्ष्मदर्शकाखाली दोन मिनिटात कळतंय. ही जात सरड्यातही असते म्हणून ऐकलंय. खरं का ओ, शिकणारे दादा? पण कोंबड्याचं औषध मनानं देऊ नका. आमी ते शेकडो लिटर पाण्यात मोजून टाकतो. तुमचं जनावर सतरा ग्रॅमचं.

---

शेवटचा_बाक | १४ जानेवारी, सकाळी १०:१०

भीमाकाठ काका, अगदी खरं. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये कॉक्सिडिया खूप आढळतो, फक्त जात वेगळी, कोंबडीचा यांना लागत नाही. बऱ्याच धडधाकट ड्रॅगनच्या पोटातही तो थोडा असतो. थंडी, प्रवास, उपासमार झाली की वाढतो. म्हणून तो किती आहे आणि जनावराची हालत कशी आहे, दोन्ही बघून डॉक्टर ठरवतात. ताजी शी, शक्यतो त्याच दिवशीची, सुकू न देता न्या. गुरांच्या दवाखान्यात ही तपासणी नेहमी होते, शेळीच्या करडांसाठीही हीच करतात.

---

विजापूररोड | १४ जानेवारी, दुपारी १२:१५

ऊन दाखवा की. लहान बाळाला आपण कोवळं ऊन दाखवतोच. सकाळी सातचं ऊन सगळ्यात चांगलं.

---

शेवटचा_बाक | १४ जानेवारी, दुपारी १२:५०

ऊन हवंच, पण सातचं नाही. यावर थोडं लांबण लावतो, कारण शेंगूच्या दुखण्याची मुळी इथेच आहे असं मला वाटतं.

हाडांना कॅल्शियम मिळायला ड जीवनसत्त्व लागतं. ते या प्राण्याच्या कातडीत तयार होतं, उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी. सूर्य खाली असतो तेव्हा हे किरण हवेतच अडतात. जानेवारीत सोलापुरात सकाळी सात-आठच्या उन्हात ऊब मिळते, यूव्हीबी जवळजवळ शून्य. दहा ते अकराच्या उन्हात खरा उपयोग.

दुसरी गोष्ट, काच. खिडकीच्या साध्या काचेतून उजेड येतो, ऊब येते, यूव्हीबी येत नाही. टाकी खिडकीशी ठेवून त्याला वर्षभर ऊन दाखवलं तरी हाडांच्या दृष्टीने तो अंधारातच. "खिडकीतलं ऊन पुरतं" या एका वाक्याने किती पिल्लं अधू झाली असतील, विचार करून वाईट वाटतं.

आता खाणं जोडा. मीलवर्ममध्ये फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. पालकात ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते जे थोडंफार कॅल्शियम मिळतं तेही बांधून टाकतं. म्हणजे पोटात कॅल्शियम कमी आणि जे आलं ते घ्यायला ड जीवनसत्त्व नाही. मग शरीर रक्तातली पातळी टिकवायला हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. हाडं मऊ पडतात, जबडा लवचीक होतो, पाय वाकतात. शेवटी रक्तातलंही कमी पडतं तेव्हा बोटं थरथरतात, झटके येतात. माळरान दादा पाय धरू नका म्हणाले ते यासाठी. अशा पिल्लाचं हाड नुसत्या उचलण्यानेही मोडतं.

ऊन दाखवताना काचेची टाकी उन्हात कधीही ठेवू नका. दहा मिनिटांत आत भट्टी होते. भाजीची जाळीची टोपली घ्या, निम्म्या भागावर कापड टाकून सावली करा, आणि कुणीतरी शेजारी बसून राहा. घारी, कावळे, मांजर, तिघांनाही ते खाऊच दिसतं.

---

रानवाट | १४ जानेवारी, दुपारी ३:३०

थोडं कडू बोलतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला प्राणी सोलापूरच्या घरात काचेत ठेवायचाच कशाला? ऑस्ट्रेलिया स्वतः आपले जंगली प्राणी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही. मुलांना सरडे दाखवायचे तर नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला माळावर न्या. गळ्याला पंख्यासारखी झालर उघडणारे इवले सरडे आपल्या माळरानांवर आहेत, नशिबात असेल तर घोरपड दिसेल. घरी आणायची गरज नाही.

---

माळरान | १४ जानेवारी, दुपारी ४:२०

रानवाट, तुमच्याशी माझं फारसं भांडण नाही. बाजारातले बिअर्डेड ड्रॅगन पिंजऱ्यातच अनेक पिढ्या वाढलेले आहेत, जंगलातून धरून आणलेले नाहीत, एवढं नोंदवतो. कुणी आपली घोरपड धरून पाळायला जाऊ नये हेही सांगतो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला सर्वांत कडक संरक्षण आहे. आणि योग्य दिवे न देता, माहिती न देता असं पिल्लू मुलाच्या हातात विकणं मला चीड आणतं.

पण शेंगू आता त्या घरात आहे. तो इथल्या माळावर सोडता येत नाही, तिथे मरेल, किंवा मेला नाही तर आपल्या सरड्यांना रोग देईल. आज त्याला ऊब द्यायची, एवढंच आपल्या हातात आहे.

---

रानवाट | १४ जानेवारी, दुपारी ४:३५

मान्य. ताई, माझ्या बोलण्याने दुखावल्या असाल तर माफ करा. पिल्लू कसं आहे?

---

कडकभाकरी | १४ जानेवारी, रात्री ९:५०

दुखावले नाही. मुलाला तुमचं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "शेंगू बरा झाला की नान्नजला जाऊ."

दिवसभराचं सांगते. ६० चा बल्ब लावला, फरशीवर ४१ अंश आले. सव्वा तासाने त्याने एक डोळा उघडला. कोमट पाण्यात बसवलं, सहाव्या मिनिटाला शी झाली. थोडी वाळू होतीच, पांढरा भाग गडद पिवळा. पाणीही प्यायला, तोंड खाली घालून, मोजून अकरा घोट. मुलगा मोठ्याने मोजत होता.

शी घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी शेंगूला बघून आधी हातच जोडले, म्हणाले हे माझं क्षेत्र नाही. पण हाकलून दिलं नाही. शी काचेवर घेऊन बघितली: कॉक्सिडिया थोडा, जंतांची काही अंडी. मग माळरान दादांनी ज्यांचा नंबर दिला होता त्या पुण्याच्या सरीसृप-डॉक्टरांना त्यांनीच फोन लावला, बोटांचा व्हिडिओ दाखवला. दोघांचं बोलणं झाल्यावर कातडीखाली सलाईन आणि कॅल्शियमचं अगदी थेंबभर इंजेक्शन दिलं. मात्रा तीन वेळा कागदावर मोजली. पैसे घ्यायला तयार नव्हते. उद्या पुण्याला एक्स-रेसाठी नेते आहे.

माझा एक प्रश्न: घरात माणसाच्या कॅल्शियमच्या गोळ्या आहेत, कुटून देऊ का?

---

शेवटचा_बाक | १४ जानेवारी, रात्री १०:०५

नको. त्यात बहुधा ड जीवनसत्त्वही माणसाच्या मापाने असतं, एवढ्याशा जिवाला त्याची बाधा होऊ शकते. पुण्याचे डॉक्टर देतील तेच. आणि त्या गुरांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. आम्हाला वर्गात शिकवतात ते त्यांनी आज करून दाखवलं.

---

माळरान | १४ जानेवारी, रात्री १०:१२

हुतात्मा एक्स्प्रेसने निघा, साधारण चार तास. थर्माकोलची पेटी घ्या, झाकणाला भोकं पाडा. गरम पाण्याची छोटी बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला, पिल्लू मऊ कापडात दुसऱ्या बाजूला, आत थर्मामीटरची तार. २८-३० च्या आसपास ठेवा. प्रवासात खाणं-पाणी काही नाही. गाडीत चहावाल्याकडून गरम पाणी मिळतं, बाटली तिथेच बदलता येईल.

---

कडकभाकरी | १६ जानेवारी, सकाळी ८:३०

काल रात्री परतलो. पेटीत आमच्या घरच्या सोलापुरी चादरीचा तुकडा घातला होता, गाडीत सगळा डबा शेंगूला बघून गेला.

एक्स-रेमध्ये हाडं फिकट दिसली, काही ठिकाणी जवळजवळ काचेसारखी. हाडांचा आजारच आहे. डाव्या पुढच्या पायाला वाक आलाय, एक बारीक तडा आहे. डॉक्टर म्हणाले, दुकानात असल्यापासून सुरुवात असणार, तीन आठवड्यांत एवढं होत नाही. वाळू आतड्यात अडकलेली नाही, हे सगळ्यात मोठं समाधान. कॉक्सिडिया कमी आहे, आधी ताकद येऊ दे, दोन आठवड्यांनी पुन्हा शी तपासून औषधाचं ठरवू म्हणाले. तोंडाने द्यायचं कॅल्शियमचं द्रव दिलंय, थेंबांच्या हिशोबात, ओठाच्या कडेला लावायचं आणि त्याने स्वतः चाटायचं.

यूव्हीबीची टी-५ म्हणजे बारीक ट्यूब तिथेच घेतली, १० टक्क्यांवाली. साधारण ३० सेंटिमीटर अंतर, मध्ये काच-प्लास्टिक काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं की ही ट्यूब उजेड देत राहते पण त्यातले किरण महिन्यांगणिक कमी होतात, म्हणून आणल्याची तारीख ट्यूबवरच लिहा आणि वर्षाच्या आत बदला. मुलाने मार्करने लिहिली.

फांदी, दगड, चढण्यासारखं सगळं काढलं. पडलं तर हाड मोडेल.

वजन १६.९. कमी झालंय. ते बघून काल रात्री मी रडले. तो अजून स्वतःहून काही खात नाही. पालक बंद. मग हिरवं काय देऊ?

---

माळरान | १६ जानेवारी, सकाळी ९:१०

वजनाकडे दोन-तीन दिवस बघून घाबरू नका, पोट रिकामं झालंय. रोज एकाच वेळी, आंघोळीआधी मोजा.

हिरव्यात आपल्या मंडईत खूप काही आहे. शेवग्याचा कोवळा पाला, लसूणघास, जास्वंदाची पानं-फुलं, कोथिंबीर, लाल भोपळा किसून. पालक, चुका, चाकवत, तांदुळजा लांबच ठेवा, पालकाचंच दुखणं त्यांच्यातही आहे. पण या वयात हिरवं तोंडी लावण्यापुरतं, मुख्य खाणं किडेच. किड्याची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. मीलवर्मचं कवच जाड असतं, या पिल्लाला नकोच.

शेतातले, रस्त्याच्या दिव्याखालचे किडे धरून घालू नका. तुमच्या जिल्ह्यात द्राक्ष-डाळिंबावर फवारणी किती होते तुम्हाला ठाऊकच आहे. आणि पुढे पावसाळ्यात कुठे काजवा दिसला तर जन्मात देऊ नका. एका काजव्याने मोठा ड्रॅगनही मरतो.

मऊ अळ्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

---

तुतीचापाला | १६ जानेवारी, दुपारी १:४०

नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला, रेशीम करतो. धागा पहिल्यापासून वाचतोय, आज बोलायची वेळ आली.

मऊ अळी म्हणजे रेशीम अळी, तिच्याहून मऊ काय असणार? चॉकी सेंटरवरून, म्हणजे लहान अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दुसऱ्या मोल्टनंतरची (दुसऱ्यांदा कात टाकलेली) अळी परवा माझ्याकडे येतेय. बोटाच्या एका पेराएवढीही नसते, आणि अंगात पाणीच जास्त. वहिनींना हव्या तेवढ्या देतो, पैशाचा विषय काढू नका.

एक मात्र काळजी. मोल्टनंतर आम्ही रॅकवर चुना आणि निर्जंतुकीकरणाची पावडर मारतो. ती अळीच्या अंगावर राहते. म्हणून मी पावडर मारायच्या आधीच शंभरेक अळ्या वेगळ्या काढून ठेवतो, फक्त पाल्यावर. पालाही विहिरीजवळच्या झाडांचा, तिथे मी फवारत नाही. तुतीचा पाला ताजा ठेवा, पण ओला घालू नका, अळीला रोग लागतो. शेंगूने पाला खाल्ला तरी चालेल का, हे माहितगारांनी सांगावं.

---

माळरान | १६ जानेवारी, दुपारी २:०५

चालेल, तुतीचा पाला उत्तम. दादा, पावडरीचं तुम्ही सांगितलंत ते नऊ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

---

कडकभाकरी | १९ जानेवारी, रात्री ८:१५

खाल्लं!!

तुतीचापाला भाऊ स्वतः बार्शीच्या एसटीने डबा घेऊन आले. चहासुद्धा धड न घेता परत गेले, घरी अळ्यांना पाला घालायची वेळ झाली म्हणून. संध्याकाळी चारला फरशीवर एक अळी ठेवली. ती वळवळली. शेंगूने मान तिरकी केली, बराच वेळ नुसतं बघितलं, आणि जीभ बाहेर. पहिल्यांदा नेम चुकला. दुसऱ्यांदा घेतली. तीन खाल्ल्या, मग दमून झोपला.

बोटांची थरथर दोन दिवस दिसली नाही. वजन १७.२.

---

भीमाकाठ | १९ जानेवारी, रात्री ८:२२

लई भारी ताई! आमच्या शेडवर पण सगळ्यांना सांगितलं.

---

शेवटचा_बाक | १९ जानेवारी, रात्री ९:००

फार बरं वाटलं. आठवण म्हणून: हाताळून झालं की मुलाने साबणाने हात धुवायचे, आणि आंघोळीचं भांडं स्वयंपाकघरात जाऊ द्यायचं नाही. धडधाकट सरड्यातही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

---

कडकभाकरी | ३१ जानेवारी, सकाळी १०:३०

वजन २१.८. शी रोजच्या रोज, पांढरा भाग पांढरा. पुन्हा तपासली, कॉक्सिडिया जवळजवळ दिसत नाही, जंतांसाठी डॉक्टरांनी एक मात्रा दिली. दहा ते अकरा गच्चीवर जाळीच्या टोपलीत ऊन, मुलाला शाळा असते तेव्हा सासूबाई पाटावर बसून राखण करतात. पहिल्या दिवशी त्या टोपलीकडे बघायलाही तयार नव्हत्या. आता घार दिसली की काठी आपटतात.

---

विजापूररोड | ३१ जानेवारी, दुपारी १२:००

ताई, एप्रिलचा विचार आत्ताच करून ठेवा. आपल्याकडे ४३-४४ होतंय. पत्र्याच्या खोलीत टाकी असेल तर दिवा न लावताच ४० च्या वर जाईल.

---

माळरान | ३१ जानेवारी, दुपारी १२:४०

अगदी महत्त्वाचं. उन्हाळ्यात गार टोक सांभाळणं हीच खरी कसोटी. ते टोक ३२ च्या वर जायला लागलं की आधी बल्बचे वॅट कमी करा, दुपारी बल्ब बंद ठेवला तरी चालेल, यूव्हीबी ट्यूब मात्र चालू. तोंड उघडं ठेवून दिव्याखाली बसणं नेहमीचंच आहे, पण गार टोकाला जाऊनही तोंड उघडंच असेल तर त्याला फार गरम होतंय.

---

कडकभाकरी | १ मार्च, संध्याकाळी ६:२०

आज ३७.५ ग्रॅम. वयाच्या मानाने लहानच आहे, डॉक्टर म्हणाले लहानच राहील कदाचित. गेल्या आठवड्यात कात टाकली, शेपटीवरची आधी, डोक्यावरची सगळ्यात शेवटी. दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडं पांढरी दिसायला लागलीत. तडा भरला. डावा पाय वाकडा राहणार, पळताना त्या बाजूला थोडा झुकतो, पण पळतो.

टाकी वरच्या पत्र्याच्या खोलीतून खाली जुन्या दगडी भिंतीच्या खोलीत आणली. तिथे काल दुपारी बाहेर ३७ असताना गार टोकाला २८ होतं. मेसच्या मावशींचा थर्मामीटर परत केला, आता आपले दोन आहेत.

नान्नजला मागच्या रविवारी जाऊन आलो. माळढोक दिसला नाही. झालरवाला सरडाही नाही, त्यांचे दिवस अजून यायचे असतील. मुलाने वहीत जागा मोकळी सोडलीय.

तुतीचापाला भाऊ, तुमच्या पहिल्या बॅचच्या उरलेल्या सहा अळ्यांनी आमच्याकडे कोष केलेत, मुलगा ते शेंगूला द्यायला तयार नाही. पुढची बॅच कधी येतेय? या वेळी डबा घ्यायला आम्हीच बार्शीला येतो.